क्रॉलर दगडावर मध्येच बंद पडतोय, रविवारी मसाई पठारावर न्यायचाय – मदत हवी आहे

पंचगंगाकाठी
घरी बांधलेला १/१० आरसी क्रॉलर आहे, म्हणजे रिमोटवर चालणारी, दगडावर चढणारी लहान गाडी. चॅसी ॲल्युमिनियम पट्टीची, लिंक (ॲक्सल चॅसीला जोडणारे दांडे) कोल्हापुरात उद्यमनगरात लेथवर करून घेतल्यात, बॉडी विलीज जीपची. सपाटीला कसलाच त्रास नाही. दगडावर चढवून स्टिअरिंग पूर्ण मारलं की जागेवर मरतो. सेकंद-दोन सेकंद काहीच चालत नाही, तेवढ्यात मागं घरंगळत खाली येतो, मग आपोआप सुरू. मोटर बदलून बघितली, तरी तेच. रविवारी पन्हाळ्याजवळच्या मसाई पठारावर जायचं ठरलंय, सगळी मंडळी येणार आहेत. मोटर अजून ताकदीची लागणार का? लागणार असेल तर कुठली, तेवढं सांगा.

सोल्डरवाला
एवढ्यावरून मोटर सांगणं म्हणजे अंदाज. ईएससी, म्हणजे मोटरचा वेग सांभाळणारा कंट्रोलर, कुठला? बॅटरी किती सेलची? स्टिअरिंग वळवणारा सर्व्हो कुठला? "मरतो" म्हणजे फक्त चाकं थांबतात की स्टिअरिंगही मरतं? त्या वेळी रिसीव्हरचा दिवा चालू राहतो का? हे लिहा, मग बोलू.

घाटमाथा
ब्रश मोटरचा नाद सोडा. सेन्सरवाली ब्रशलेस घ्या, एफओसीची (कमी वेगातही मोटर हळुवार फिरवायची पद्धत), ईएससी आणि मोटर एकाच डबीत येते. मुंगीच्या पावलानं चालते आणि उतारावर जागेवर थांबते. एकदा वापरलीत की ब्रशकडे परत जाणार नाही. मी दोन्ही गाड्यांना तीच लावली आहे.

लेथमास्तर
डिफ (दोन चाकांत ताकद वाटणारे गिअर) लॉक आहेत का ते आधी सांग. घरच्या गाडीत बहुतेक वेळा खेळण्यातला ॲक्सल असतो आणि आत उघडा डिफ. एक चाक हवेत गेलं की सगळी ताकद त्याच चाकात जाते आणि दगडावरचं चाक गप्प बसतं. लांबून बघणाऱ्याला वाटतं गाडी मेली.

पंचगंगाकाठी
डिफ दोन्ही लॉक आहेत, आत एम-सील भरलंय. ॲक्सल धातूचे, व्हीलबेस ३१३ मिमी. मोटर ५५टी, आधी ३५टी होती (टी म्हणजे तारेचे वेढे, जास्त वेढे म्हणजे कमी वेग). ईएससी ३२० अँपिअरचा, म्हणजे करंट कमी पडायचा प्रश्नच नाही. सर्व्हो २५ किलो जोराचा. बॅटरी लिपो (लिथियम पॉलिमर). बंद पडतो तेव्हा स्टिअरिंगसकट सगळं बंद. दिवा बघितला नाही, रिसीव्हर डबीत आहे. मोटरचं कुणी सांगेल का?

सोल्डरवाला
लिपो किती सेलची, हे अजून आलं नाही. २एस की ३एस? आणि परत सुरू होताना मोटरमधून "पी-पी" असा आवाज येतो का?

टाकाऊतून_टिकाऊ
हे मी अनुभवलंय. रिसीव्हरच्या रिकाम्या चॅनलला ४७०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा, १० किंवा १६ व्होल्टचा. प्लस-मायनस नीट बघा. जुन्या यूपीएसमध्ये असले कपॅसिटर सापडतात. विषय संपला.

चिन्मयची_आई
मध्येच विचारते, माफ करा. मुलगा नऊ वर्षांचा आहे, त्याला असली दगडावर चढणारी गाडी हवी आहे. बांधायला आम्हाला जमणार नाही. तयार कुठली घ्यावी?

घाटमाथा
ताई, डब्ल्यूपीएल किंवा एमएन कंपनीची लहान गाडी घ्या, १/१६ किंवा १/१२ मापाची. सुटे भाग मिळतात, मुलगा हळूहळू एकेक भाग बदलायला शिकेल. खरं तर धागाकर्त्यानंही तसाच तयार सांगाडा घ्यायला हवा होता, एवढी खटपट वाचली असती.

लेथमास्तर
खटपट वाचवायची असती तर त्यानं बांधलीच नसती. स्वतःच्या लिंकची लांबी स्वतः ठरवून, चढताना मागचा ॲक्सल उचलतो की दबतो हे बघायचं, परत आटे पाडायचे, यातच खरी मजा आहे. विकतच्या गाडीत ते दुसऱ्यानं तुमच्यासाठी ठरवून ठेवलेलं असतं. पोरानं उद्यमनगरात जाऊन लिंक करून घेतल्यात, त्याला बाजारचा रस्ता दाखवू नका.

पंचगंगाकाठी
बॅटरी ३एस. आधी २एस होती. ३एस टाकली तेव्हा गाडी फार पळायला लागली म्हणून ३५टी काढून ५५टी लावली. हो, पी-पी वाजतं. पण त्याचा काय संबंध?

सोल्डरवाला
सगळा संबंध तिथंच आहे, भावा. आता सविस्तर लिहितो.

ते "पी-पी" म्हणजे ईएससी नव्यानं सुरू झाल्याची खूण. तुझी मोटर दमत नाहीये, ईएससीचा मेंदूच वीज न मिळाल्यानं बंद पडतोय. दुसरी खूण तूच दिलीस, गाडी मागं घरंगळते. नुसता सिग्नल तुटला असता तर ईएससीनं ड्रॅग ब्रेक (थ्रॉटल सोडल्यावर चाकं जागेवर धरणारा) धरून ठेवला असता. स्वस्त ईएससीत आतल्या चिपला आणि रिसीव्हरला एकाच ठिकाणाहून पाच-साडेपाच व्होल्ट मिळतात. ते बसले की रिसीव्हर, सर्व्हो, ब्रेक सगळं एकत्र जातं.

ते पाच-साडेपाच व्होल्ट देणारा भाग म्हणजे बीईसी. स्वस्त ईएससीत तो बहुतेक लिनियर असतो, म्हणजे बॅटरीचा जास्तीचा व्होल्टेज उष्णता करून फेकून देतो. २एसचे ७.४ व्होल्ट, त्यातून ५.६ काढायचे, उरले १.८. सर्व्होनं २ अँपिअर ओढले तर साडेतीन वॉटची उष्णता. ३एसवर ११.१ मधून ५.६ गेले, उरले साडेपाच व्होल्ट. त्याच २ अँपिअरला ११ वॉट. नखाएवढ्या चिपमधून ११ वॉट बाहेर पडणार नाहीत. ती तापते, स्वतःला वाचवायला बंद होते, निवली की परत सुरू.

सपाटीला हे होत नाही, कारण तिथं सर्व्होला जोर लागत नाही. दगडात चाक अडकलेलं असताना पूर्ण स्टिअरिंग मारलंस की सर्व्हो जागेवर अडतो आणि सगळ्यात जास्त करंट तेव्हाच ओढतो. २५ किलोचा सर्व्हो अडला की दोन-अडीच अँपिअर सहज जातात.

आणि ते "३२० अँपिअर" मोटरच्या बाजूचा आकडा आहे, तोही कागदावरचा. बीईसी किती देतो ते वेगळं लिहिलेलं असतं, बहुधा २ अँपिअर. ईएससीच्या डबीवर काय लिहिलंय ते बघून सांग.

टाकाऊतून_टिकाऊ
म्हणूनच कपॅसिटर म्हणालो. सर्व्होनं झटका मारला की कपॅसिटर ती भूक भागवतो.

सोल्डरवाला
झटक्यापुरता भागवतो, मान्य. पण ४७०० मायक्रोफॅरडमध्ये साठा किती? २ अँपिअर ओढले तर एक व्होल्ट पडायला अडीच मिलिसेकंद पुरतात. इथं सर्व्हो सेकंदभर दाबून धरलेला आहे. जिथं चिप तापून बंद पडते तिथं कपॅसिटर तिला थंड करू शकत नाही.

टाकाऊतून_टिकाऊ
माझ्या गाडीत चाललंय, एवढं मला पुरतं.

जांभ्यातला
मसाई पठारावर जाताय तर टायरचं बघा. वर जांभा आहे. काळ्या कातळापेक्षा पकड चांगली मिळते, पण खडबडीत असल्यामुळे मऊ टायर लवकर झिजतात. रत्नागिरीला आमच्या सड्यावर हेच होतं. टायरच्या आत फोम पुढं मऊ आणि मागं जरा कडक ठेवा, आणि रिमला हवा जायला बारीक भोक असू द्या, नाहीतर टायर दगडाला चिकटून बसत नाही. आणखी एक, फुलांच्या दिवसांत गाडी उघड्या खडकावरच चालवा. त्या पठारावरची रोपटी बोटभर मातीत उगवतात, एक चाक घसरलं तरी मुळासकट निघतात.

सॅनहोजेकर
इकडे सिएरा नेवाडात ग्रॅनाइट आहे, सँडपेपरसारखा, टायर छान धरतात. जीपवाल्यांच्या रुबिकॉन ट्रेलच्या बाजूला लोक या लहान गाड्याही घेऊन येतात. मोठा सर्व्हो असेल तर बहुतेक जण बाहेरचा बीईसी लावतात. मी कॅसल कंपनीचा १० अँपिअरचा वापरतो, व्होल्टेज कॉम्प्युटरला जोडून ठरवता येतं. तोच घ्या.

पंचगंगाकाठी
दादा, कॅलिफोर्नियातनं रविवारपर्यंत कोल्हापुरात कसा येणार? डबीवर बघितलं: "७.२ ते ८.४ व्होल्ट, बीईसी ५.६ व्होल्ट २ अँपिअर". हां, आणि विंच (दोर गुंडाळून गाडी ओढणारी) आहे पुढं, जुन्या सर्व्होची केलेली, आणि चार एलईडी. ते सगळं रिसीव्हरवरच जोडलंय. पण विंच मी वापरत नाही तोपर्यंत बंदच असते.

सोल्डरवाला
८.४ म्हणजे तो ईएससी २एसचाच आहे. ३एस पूर्ण भरली की १२.६ व्होल्ट होतात. आजच्या आज ३एस काढ.

घाटमाथा
इतकं घाबरायचं कारण नाही. मी तसलाच ईएससी ३एसवर चालवलाय, काही झालं नाही.

सोल्डरवाला
तुमच्या गाडीत २५ किलोचा सर्व्हो आणि विंच होती का? आतले कपॅसिटर किती व्होल्टचे आहेत ते उघडून न बघता दुसऱ्याला हा सल्ला देऊ नका. ईएससी जळताना बॅटरीकडून शॉर्ट झाला तर लिपो पेट घेते, आणि ती आग पाण्याच्या बाटलीनं विझत नाही.

लेथमास्तर
वीज सोल्डरवाल्यांनी सांगितली, आता लोखंडाचं मी सांगतो. सर्व्हो अडतो तो दगडामुळेच असं नाही. पूर्ण स्टिअरिंग मारल्यावर नकल (चाकासोबत वळणारा भाग) ॲक्सलच्या शिंगाला टेकतं, तरी सर्व्होला वाटतं अजून वळायचंय. मग तो दात-ओठ खाऊन ढकलत राहतो. गाडी स्टँडवर ठेव, चाकं हवेत, स्टिअरिंग पूर्ण मार. सर्व्हो "गूं" करत राहिला तर हेच आहे. ट्रान्समीटरवर ईपीए (सर्व्हो किती वळावा ती मर्यादा) दोन्ही बाजूंना कमी करत आण, आवाज थांबला की तिथं सोड. पाच मिनिटांचं काम, पैसा लागत नाही.

पंचगंगाकाठी
गूं होतंय! डावीकडं जास्त. ईपीए कमी केला, उजवीकडचं थांबलं, डावीकडं थोडं राहिलंय. पण आता काय विकत आणू तेवढं सांगा, उद्या दुकानं उघडी आहेत.

सोल्डरवाला
डावीकडचं राहिलं असेल तर सर्व्हो हॉर्न (सर्व्होवरची दांडी) एक दात सरकवून बसव आणि तिथून चाकाकडे जाणाऱ्या ड्रॅग लिंकची लांबी परत जुळव.

विकत आण: ५ अँपिअरचा यूबीईसी, म्हणजे बाहेरून लावायचा वेगळा बीईसी, ६ व्होल्टचा. ड्रोनचं सामान विकणाऱ्यांकडे असतो. नाहीच मिळाला तर कॉलेजची पोरं प्रोजेक्टला नेतात तसलं व्होल्टेज उतरवणारं ५ अँपिअरचं मॉड्यूल घे, २एसवर चालणारं. एलएम२५९६ चिपचं घेऊ नकोस, त्यावर ३ अँपिअर लिहिलेलं असलं तरी सतत तेवढे ओढले की तापतं. मॉड्यूलचा स्क्रू फिरवून आधी मल्टिमीटरवर बरोबर ६ व्होल्ट कर आणि मगच जोड. आधी जोडून मग फिरवलंस तर पूर्ण बॅटरी रिसीव्हरमध्ये जाऊ शकते.

जोडणी: यूबीईसीची इनपुट थेट बॅटरीच्या कनेक्टरवर, आउटपुट रिसीव्हरच्या रिकाम्या चॅनलला. ईएससीकडून रिसीव्हरला जाणाऱ्या तीन तारांतली लाल तार कनेक्टरमधून टाचणीनं काढून घे आणि तिच्यावर हीटश्रिंक (गरम केल्यावर आवळणारी नळी) चढव. दोन बीईसी एकत्र ठेवायचे नाहीत, ते एकमेकांशी भांडतात. विंचला नंतर वेगळा यूबीईसी दे, रविवारी ती तार काढूनच ठेव.

आणि तुझा मूळ प्रश्न, मोटर कुठली? २एस परत लाव आणि त्यावर जुनी ३५टी. ५५टी २एसवर फार सावकाश होईल, चढ संपायच्या आत तू कंटाळशील.

चिन्मयची_आई
लिपो पेटते हे वाचून धास्ती वाटली. मुलाच्या गाडीतही तीच असते का?

सॅनहोजेकर
ताई, लहान गाड्यांत बहुतेक लहान लिथियम बॅटरी असते. नियम थोडेच आहेत. चार्जिंग मोठ्यांसमोर, फरशीवर, गादीवर नाही. फुगलेली बॅटरी वापरायची नाही. महिनाभर वापरणार नसाल तर पूर्ण भरून किंवा पूर्ण रिकामी ठेवायची नाही, दर सेलला ३.८ व्होल्टच्या आसपास ठेवायची. गाडीचा जोर कमी वाटला की लगेच थांबवायची, सेल ३ व्होल्टच्या खाली गेला की खराब होतो.

पंचगंगाकाठी
यूबीईसी मिळाला. जोडायच्या आधी जुन्या जोडणीवर मल्टिमीटर लावून बघितलं. साडेपाचच्या आसपास होतं, चाक दगडात अडकवून स्टिअरिंग दाबून धरलं की खाली येत येत तीनच्या आत गेलं, सगळं बंद, मग पी-पी. नवीन जोडणीवर ६ च्या जागी ५.९ दाखवतंय, हलत नाही. २एस आणि ३५टी लावली. घरामागच्या दगडांवर तासभर चालवली, एकदाही मेली नाही. सोल्डरवाले आणि मास्तर, तुम्हा दोघांमुळं गाडी रविवारी येतेय, मनापासून आभार. फक्त आता उभ्या चढाला पुढची चाकं उचलतात आणि गाडी पाठीवर पडते. मागचे शॉक कडक करू का?

टाकाऊतून_टिकाऊ
शॉकमध्ये घट्ट तेल घाला.

लेथमास्तर
शॉकला हात लावू नकोस. बॅटरी कुठं ठेवलीस, मागं ना?

पंचगंगाकाठी
मागं, सीटखाली. विलीजमध्ये पुढं जागा नाही.

लेथमास्तर
पुढं सर्व्होच्या वर पट्टी टाकून बॅटरी आडवी बसते का बघ, बॉनेट आतून थोडं कापावं लागेल. गाडीचं वजन पुढं साठ टक्के, मागं चाळीस असं आण. पुढचे दोन टायर एका वजनकाट्यावर आणि मागचे तेवढ्याच उंचीच्या फळीवर ठेवलेस की आकडा कळतो. तरी पुढं कमी पडलं तर व्हील बॅलन्सिंगवाल्याकडून चिकटवायची शिशाची वजनं आण आणि पुढच्या रिमच्या आत गोलाकार लाव, दोन्हीकडे सारखी. वजन चाकातच टाक, बॉडीवर नको, वर टाकलंस की गाडी आडवी पडायला लागेल. शिसं हाताळल्यावर हात धू.