ठणठणीत काकांचा दाखला पुरत नाही
"आमच्या वाशीच्या सोसायटीतले अणुकेंद्रातून निवृत्त झालेले काका पंच्याऐंशीतही ठणठणीत, मग किरणोत्सर्गाची भीती कसली?" हा मुद्दा पटला नाही. अहो, अशा नोकरीत घेतातच मुळी वैद्यकीय तपासणी करून; मग ही मंडळी चार लोकांपेक्षा निरोगी दिसणारच. म्हणून अभ्यासक त्यांची तुलना आपसातच करतात, किरणोत्सर्ग मोजणाऱ्या बॅजवर कमी डोस नोंदलेले आणि जास्त नोंदलेले अशी. फ्रान्स, ब्रिटन, अमेरिकेतल्या ३,०९,९३२ कामगारांच्या अभ्यासात (२०२३) कर्करोगाच्या गाठींमुळे मृत्यूचा धोका दर ग्रेमागे (ग्रे म्हणजे शरीरात शोषलेला किरणोत्सर्ग मोजायचं एकक) सुमारे ५२ टक्के वाढलेला दिसला. लगेच घाबरू नका, त्यांचा नोकरीभराचा सरासरी डोस जेमतेम ०.०२ ग्रे होता. सिगारेटचा संशय नको म्हणून फुप्फुसाचा कर्करोग वगळूनही पाहिलं. आकडा फारसा हलला नाही.