मदत हवी आहे: पळायला लागल्यापासून नडग्या दुखतायत, थांबू की चालू ठेवू?

नमस्कार मंडळी, वय ४३, दिवसभर खुर्चीत बसायचं काम, कोथरूडात राहतो. गणपतीनंतर ऑफिसातल्या दोघांच्या नादाने पळायला लागलो, आधी थोडं चाल थोडं पळ असं करत करत आता ५ किमी सलग होतात, दमाचं काही टेन्शन नाही, पण पाय बोंब मारायला लागलेत. दोन्ही नडग्यांच्या आतल्या बाजूला, घोट्याच्या वर साधारण वीतभर दुखतं, उजवीकडे जरा जास्तच. पहिला किमीभर दुखतं, अंग गरम झालं की विसरायला होतं आणि घरी येऊन बूट काढायला वाकलो की परत सुरू. वर सकाळी पलंगावरून उतरलं की टाचेत कळ, चार पावलं टाकली की गायब.

सल्ल्यांना तोटा नाही. आई म्हणते आंबेहळद लाव, बायको म्हणते बंद कर ही थेरं, ग्रुपवरचे म्हणतात दुखणारच भाऊ पळत राहा, आणि बुटांच्या दुकानातल्या पोराने ट्रेडमिलवर पळवून चौदा हजारांचा जोड पुढे केला. जानेवारीत मुंबई मॅरेथॉनच्या १० किमीला नाव घातलंय. 'डॉक्टरला दाखवा' हे माहितीय हो, पण कशासाठी दाखवायचं आणि काय आपलं आपण निस्तरायचं हे कुणीतरी नीट सांगा.

टेकडीवाला:
आधी एक करा. खुर्चीत बसून नडगीच्या आतल्या कडेवरून अंगठा दाबत घोट्याकडून वर न्या. चार बोटं किंवा त्याहून लांब पट्टा हुळहुळा लागला तर बहुतेक शिन स्प्लिंट्स, म्हणजे पळण्याच्या ताणाने नडगीच्या आतल्या कडेला होणारं दुखणं, नव्या पळणाऱ्यांचं अगदी नेहमीचं दुखणं, फौजेत भरती झालेल्या पोरांनाही होतं. पण एकाच रुपयाएवढ्या जागी जीव जाईल असं दुखलं, किंवा रात्री पडल्या पडल्या ठणकलं, तर पळणं त्याच दिवशी बंद आणि हाडाच्या डॉक्टरकडे, कारण तो स्ट्रेस फ्रॅक्चर, म्हणजे सततच्या ताणाने हाडाला गेलेली बारीक चीर, असू शकतो. आणि एक्स-रे नॉर्मल आला म्हणून नाचू नका, सुरुवातीचे काही आठवडे त्यात दिसत नाही बऱ्याचदा, एमआरआयमध्ये दिसतं.

होतं काय, की दम काही आठवड्यांत वाढतो पण हाडाला महिने लागतात. ताण आला की हाड आधी जुना भाग काढून टाकतं आणि मग नवीन भरतं, त्यामुळे मधल्या काळात ते उलट कच्चं असतं आणि नेमकं तेव्हाच आपल्याला वाटतं की आता जमायला लागलं, वाढवू अंतर.

पट्टा दुखत असेल तर अंतर निम्म्यावर आणा, एक दिवसाआड पळा, काँक्रीट सोडून तळजाई टेकडीच्या मातीवर जा, पावलं छोटी आणि भराभर टाका. पायरीच्या कडेवर उभं राहून टाचा वर-खाली करायच्या, एकदा गुडघा सरळ ठेवून एकदा किंचित वाकवून, सावकाश, दिवसाआड. दुखण्याला दहापैकी मार्क द्या, तीनपर्यंत असेल आणि दुसऱ्या सकाळपर्यंत उतरत असेल तर चालेल, त्याच्यावर गेलं तर चालत घरी. पेनकिलर खाऊन पळायचं मात्र अजिबात नाही, दुखणं झाकलं जातं आणि अंगातलं पाणी कमी झालेलं असताना आयबुप्रोफेनसारखी गोळी किडनीला महागात पडते.

चौदा हजार राहू द्या. पायात घालून लगेच आरामात वाटतात ते बूट घ्या, बास.

दुखरी_टाच:
टाचेचं वर्णन प्लांटार फॅसायटिसचं (टाचेपासून बोटांकडे जाणाऱ्या तळव्याच्या पट्ट्याचं दुखणं) वाटतंय, माझं सेम होतं. उठायच्या आधी पलंगावरच पायाची बोटं हाताने स्वतःकडे ओढून धरायची, आणि घरातल्या फरशीवर अनवाणी फिरणं बंद. चिवट आहे पण हे, महिने घेतं.

मीनाताई:
बर्फाचं कुणी बोललं नाही अजून? बर्फ-विश्रांतीचा तो राइस (RICE: विश्रांती, बर्फ, घट्ट पट्टी, पाय उंच) फॉर्म्युला १९७८ मध्ये डॉ. गेब मिर्किन यांनी आणला आणि २०१४ मध्ये त्यांनीच लिहिलं की बर्फाने बरं व्हायला उलट उशीर होऊ शकतो. ठणका कमी करायला दहा मिनिटं लावा हवं तर, त्याने बरं होईल अशी आशा नको. आंबेहळद लावा खुशाल, आईंना बरं वाटेल, चादर तेवढी जुनी घ्या.

धागाकर्ता:
सगळ्यांचे आभार. दाबून बघितलं. डावीकडे पट्टाभर दुखतं, पण उजवीकडे घोट्याच्या वर एक जागा अशी सापडली की अंगठा टेकवला तरी पाय आपोआप मागे येतो. ग्रुपवर एकाने एका पायावर उड्या मारून बघ म्हणून सांगितलं, धीर नाही झाला. शनिवारची ऑर्थोची वेळ घेतलीय. तोवर पोहलं तर चालेल का? आणि सायकल?

टेकडीवाला:
पोहा बिनधास्त, भिंतीला लाथ मारून वळू नका फक्त. सायकल दुखत नसेल तरच. उड्या अजिबात नको, आणि १० किमीचं डॉक्टरांनाच विचारा, ग्रुपला नको.