पुस्तकातून ओव्हनमध्ये: तुमचे अनुभव सांगा

लहानपणी पुस्तक वाचताना कधी न पाहिलेल्या पदार्थासाठी तोंडाला पाणी सुटलंय, असं कोणाकोणाचं झालंय? माझं सतत व्हायचं. लेखक 'केक' एवढंच लिहून पुढे निघून जायचा आणि मी त्या शब्दापाशीच रेंगाळायचे. मोठेपणी ते पदार्थ करून पाहायला लागले, म्हणून हा धागा.

सुरुवात अ‍ॅलिसपासून. 1865 सालच्या 'अ‍ॅलिस इन वंडरलँड' या पुस्तकात टेबलाखाली काचेची छोटी पेटी आहे. तिच्यात अगदी लहानसा केक, आणि त्यावर बारीक काळ्या मनुकांनी सुंदर अक्षरांत लिहिलेलं 'ईट मी'. माझ्या आठ वर्षांच्या लेकीला तोच केक हवा होता, पण मराठीत: 'मला खा'. अक्षरं तीनच, पण नुसत्या शिरोरेघांना चौदा मनुका लागल्या. कच्च्या मिश्रणावरच त्या मांडल्या आणि 180 अंशांवर भाजायला ठेवला. केक मधोमध फुगला, 'म' आणि 'ला'च्या मध्ये भेग पडली, 'खा'चा काना आत बुडाला. लेक रडवेली झाली. दुसऱ्या खेपेला 160 अंशांवर सावकाश भाजला. मंद आचेवर कडा आणि मध्य बरोबरीने वर येतात, त्यामुळे माथा सपाट राहतो. गार झाल्यावर वरून जॅमचा पातळ हात फिरवला आणि तिने चिमट्याने एकेक मनुका ठेवली. पाऊण तास श्वास रोखून बसली होती. नंतर कापायला कोणाचा हात होईना. शेवटी तिनेच 'खा' कापून घेतलं आणि 'मला' आमच्यासाठी ठेवलं.

आता तुमचे येऊ द्या. फसलेले प्रयोगही लिहा, शक्य असेल तर मापांसकट.

*

मी टॉल्किनच्या 'द हॉबिट' या कादंबरीवाला (1937). कथानायक बिल्बोच्या दारात एकामागून एक बुटके येऊन थडकतात आणि रात्री जेवणानंतर खायला म्हणून दुपारी भाजून ठेवलेले दोन गोल सीडकेक त्याला बाहेर काढावे लागतात. त्याचा जीव किती तुटला असेल, हे मला दहाव्या वर्षीही पुरेपूर कळलं होतं.

पहिल्यांदा मी 'सीड' म्हणजे जिरं समजलो आणि दोन चमचे घातलं. गोड केकला तिखटमिठाच्या पदार्थाचा वास! तो कोणी संपवला नाही. पाहिजे ते कॅरावे. दिसायला जिऱ्यासारखंच, जरा वाकडं, वासाला बडीशेपेच्या जवळचं. लोणी, साखर आणि मैदा प्रत्येकी 175 ग्रॅम, तीन अंडी, चमचाभर बेकिंग पावडर, मूठभर बदामाची पूड, दोन चमचे किंचित कुटलेलं कॅरावे. 170 अंशांवर साधारण पन्नास मिनिटं. त्याच दिवशी खाल्ला तर कॅरावे फार पुढे येतं, म्हणून एक रात्र डब्यात झाकून ठेवा. बिल्बोला ती रात्र मिळालीच नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

*

माझा पदार्थ ओव्हनमधला नाही, तरी लिहिते. सी. एस. लुईसच्या 'द लायन, द विच अँड द वॉर्डरोब' या नार्नियाच्या गोष्टीतलं टर्किश डिलाइट, म्हणजे गुलाबपाण्याच्या मऊ, जेलीसारख्या वड्या. हिरव्या रेशमी फितीने बांधलेला गोल डबा आणि आत कितीतरी पौंड खाऊ! पुस्तक 1950 चं, आणि ब्रिटनमधली गोड खाऊवरची रेशनिंग उठली 1953 च्या फेब्रुवारीत. हे वाचल्यापासून ते पान मला वेगळंच दिसतं. ज्या मुलांना आठवड्याचा खाऊ मोजून मिळत होता, त्यांनी 'कितीतरी पौंड' हे शब्द कसे वाचले असतील?

करायला सोपं वाटतं, पण दंडाची परीक्षा आहे. साखरेचा पाक लिंबाचा रस घालून 115 अंशांपर्यंत न्यायचा, कॉर्नफ्लोअर पाण्यात वेगळं शिजवायचं, मग दोन्ही एकत्र करून मंद आचेवर जवळपास तासभर ढवळत राहायचं. मी वीस मिनिटांत थांबले. सकाळी ताटात लिबलिबीत जेली होती आणि तिला पाणी सुटलं होतं. पुढच्या वेळी मिश्रण सोनेरी होऊन भांड्याची कड सोडेपर्यंत हात थांबवला नाही. गुलाबपाणी अगदी शेवटी. वड्या घोळवताना पिठीसाखरेत कॉर्नफ्लोअर मिसळाच, नुसत्या साखरेवर त्या ओलावतात.

*

'हॅरी पॉटर'मधल्या हॅग्रिडचे रॉक केक. पुस्तकात ते दात तुटतील इतके कडक आहेत, म्हणून माझा मुलगा हातच लावेना. खरा रॉक केक वरून खडबडीत आणि आत मऊ असतो. थंड लोणी मैद्यात चोळून घ्या, दूध जेमतेम घाला, अजिबात मळू नका. 200 अंश, पंधरा मिनिटं. मळलंत तर मात्र हॅग्रिडचाच होईल.

*

मी ट्रीकल टार्ट (सिरप आणि ब्रेडचा चुरा भरलेला गोड टार्ट) केला तो धाकट्या भावासाठी. हॅरीचा हा आवडता पदार्थ, आणि सहाव्या भागात (2005) प्रेमाच्या काढ्यातून त्याला याचाच वास येतो. भाऊ तेव्हा लांबच्या आजारपणातून उठत होता, जेवणावरची वासना गेली होती. मी रोज एक प्रकरण वाचून दाखवायचे. त्या पानावर त्याने विचारलं, "ताई, तो वास कसा असेल गं?"

त्याला लागणारं गोल्डन सिरप (साखरेचा दाट सोनेरी पाक) नव्हतं. साखर, पाणी आणि लिंबाचा रस मंद आचेवर मधाच्या रंगावर येईपर्यंत उकळला. त्यात ब्रेडचा चुरा, लिंबाची साल, थोडं लोणी. टार्टचं कवच आधी सारणाऐवजी कोरडे राजमे भरून भाजून घेतलं, नाहीतर तळ ओला राहतो. भाजताना लिंबाचा आणि करपू पाहणाऱ्या साखरेचा वास घरभर झाला. तो पलंगावरून उठून स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला. दोन घास खाल्ले. आता त्याला काहीही विचारा, वाढदिवसाला हाच टार्ट मागतो.

*

नार्नियातल्या बीव्हरच्या घरचा तो गरमागरम, चिकट मार्मालेड (संत्र्याच्या जॅमचा) रोल कोणी केलाय का? माझा दोनदा गुंडाळतानाच फुटला. गरम असताना गुंडाळायचा की निवल्यावर? शनिवारी पुन्हा करणार आहे.