हेलिकॉप्टर कोसळल्याची बातमी येते तेव्हा : अनुभव धागा

लॉकवायर

१५ जून २०२५ च्या पहाटे केदारनाथहून गुप्तकाशीला निघालेले बेल ४०७ हेलिकॉप्टर गौरीकुंडाजवळच्या जंगलात कोसळले आणि आतील सातही जणांचा मृत्यू झाला. त्यांत यवतमाळ जिल्ह्यातील वणीचे एक जोडपे आणि त्यांची दोन वर्षेही पूर्ण न झालेली मुलगी होती. परवा वणीला एका लग्नासाठी जाणे झाले. पंगतीत कोणीतरी त्या कुटुंबाची आठवण काढली आणि मी हेलिकॉप्टरांच्या देखभालीत नोकरी केली आहे हे कळताच शेजारच्या गृहस्थांनी विचारले, ‘म्हणजे वैमानिकाचीच चूक ना?’ त्यांच्या मनात वाईट काहीच नव्हते, पण माझ्या घशाखाली घास उतरेना, कारण जुहूच्या हँगरमध्ये काढलेला एक शनिवार जसाच्या तसा आठवला.

१३ जानेवारी २०१८. ओएनजीसीच्या पाच अधिकाऱ्यांना घेऊन दोन वैमानिक सकाळी जुहूहून डॉफिनने निघाले आणि समुद्रातल्या मुंबई हाय तेलक्षेत्रात पोहोचण्याआधीच त्यांचा संपर्क तुटला. मी तेव्हा वेगळ्या कंपनीत होतो, पण जुहूला परके असे कोणी नसते. कालचा सहकारी आज शेजारच्या हँगरमध्ये असतो आणि चहाला सगळे एकाच ठिकाणी जमतात. पहिला फोन आला तो ‘मशीन ओव्हरड्यू आहे’, म्हणजे हेलिकॉप्टर ठरल्या वेळी पोहोचलेले नाही, एवढाच. त्यानंतर जो तो आज ड्यूटीवर कोण होते याचा मनातल्या मनात हिशेब करू लागला. पुढे डहाणूच्या बाजूला समुद्रात अवशेष मिळाले. सातांपैकी कोणीही वाचले नाही.

बाहेरच्यांना सहसा ठाऊक नसते ते हे की अपघातानंतर लगेच सगळे कागद सील होतात : लॉगबुके, टेक लॉग (मशीनच्या तांत्रिक नोंदींची वही), शेवटी भरलेल्या इंधनाची नोंद आणि नमुना. त्या सकाळी मशीन उड्डाणयोग्य असल्याची सही ज्या इंजिनियरने केलेली असते, त्याला अहवाल येईपर्यंत कोणी दोषी म्हणत नाही आणि निर्दोषही म्हणत नाही. आमच्याकडचे एक इंजिनियर अशाच एका प्रसंगातून गेले होते. देखभालीत काहीही उणीव निघाली नाही, तरी नंतर निवृत्त होईपर्यंत ते घरी निघण्याआधी हँगरमध्ये परत येत आणि टेल रोटरवरची (शेपटीच्या पंख्यावरची) लॉकवायर, म्हणजे नट-बोल्ट सैल होऊ नयेत म्हणून पिळून बांधलेली तार, बोटांनी चाचपून पाहत. आम्ही कोणी त्यांना कधी हटकले नाही.

ज्यांनी उड्डाण केले आहे, ज्यांनी मशीन सांभाळले आहे आणि ज्यांच्या घरचे माणूस रोज त्यात बसते, अशा सर्वांनी येथे लिहावे. कारणांविषयी अंदाज बांधू नयेत आणि मृतांच्या कुटुंबीयांची नावे लिहू नयेत, एवढी विनंती.

रिगकर

लॉकवायर काका, त्या दिवशी मी प्लॅटफॉर्मवर होतो. क्रू चेंजसाठी (पाळी संपवून घरी परतण्यासाठी) बॅगा बांधून बसलेल्यांना ‘फ्लाइट होल्डवर आहेत’ इतकेच सांगण्यात आले, पण रेडिओ रूममधून बाहेर आलेल्या माणसाचा चेहरा पाहिल्यावर पुढचे विचारायचे धाडस कोणाला झाले नाही. जुन्या मंडळींना ऑगस्ट २००३ मधला एमआय-१७२ चा अपघात आठवत होता, ज्यात पंचवीसहून अधिक माणसे गेली होती. जेवणाच्या वेळी त्यांनीच आम्हा धाकट्यांना बळेबळे ताटावर बसवले.

‘समुद्रात पडले’ असे वाचले की लोकांना वाटते, पोहता येणारा वाचला असेल. प्रत्यक्षात इंजिने, गिअरबॉक्स आणि रोटर हे सगळे वजन माथ्यावर असल्यामुळे पाण्यात पडलेले हेलिकॉप्टर बहुधा उलटते. म्हणून तर आम्हाला ह्यूटचे, म्हणजे पाण्यात बुडालेल्या हेलिकॉप्टरमधून बाहेर पडण्याचे, प्रशिक्षण घ्यावे लागते. केबिनचा सांगाडा टाकीत बुडवून पाण्याखाली उलटा करतात, नाकातोंडात पाणी शिरते, आणि तशा स्थितीत एक हात खिडकीच्या चौकटीवर घट्ट ठेवून सगळी हालचाल थांबेपर्यंत पट्टा न सोडता बसून राहायचे असते. पट्टा घाईने सोडला की वर कुठे, खाली कुठे हेच कळेनासे होते. लाइफ जॅकेट बाहेर पडल्यावरच फुगवायचे. आत फुगवले तर ते आपल्याला वर दाबून धरते आणि खिडकी खाली राहून जाते.

२८ जून २०२२ ला सागर किरण रिगजवळ एस-७६डी हेलिकॉप्टर पाण्यात पडले तेव्हा फ्लोट (तरंगत ठेवणारे फुगे) उघडले होते, रिगची लाइफबोट आणि जहाजही मदतीला पोहोचले, तरीही नऊपैकी चार जण गेले. त्यानंतरच्या पहिल्या फेरीला एरवी मागे बसून डुलकी काढणारे आमचे सगळे लोक खिडकीलगतची जागा मागत होते. वैमानिकाने उड्डाणापूर्वी मागे वळून प्रत्येकाकडे एकदा पाहिले. त्याच्याही मनात तेच चालू असणार.

अंगण_ठाणे

रिगकर, तुमच्या या फेऱ्यांची दुसरी बाजू आम्ही घरात बसून काढतो. त्या शनिवारी ‘ओएनजीसीच्या अधिकाऱ्यांना नेणारे हेलिकॉप्टर बेपत्ता’ अशी पट्टी टीव्हीवर फिरू लागली आणि ह्यांचा फोन लागेना. ते त्या फेरीत नव्हते हे संध्याकाळी कळले. देवापुढे दिवा लावायला गेले आणि हात थबकला, कारण आपल्याकडे फोन आला याचा अर्थ दुसऱ्या कोणाकडे तो येणार नव्हता. इतकी वर्षे झाली, तरी त्या सुटकेचा आनंद मला मोकळेपणाने मानता आलेला नाही. कुटुंबाला कळवण्याआधी अर्धीमुर्धी माहिती पडद्यावर आणू नये, ही वाहिन्यांकडे माझी मनापासूनची मागणी आहे.

लॉकवायर

ताई, तुम्ही लिहिलेत ते आमच्या हँगरमधल्या प्रत्येकाला त्या रात्री वाटले होते. आनंद मानू नकाच, पण सुटल्यासारखे वाटले त्याबद्दल स्वतःला दोषही देऊ नका.

मंदाकिनी_शटल

लष्करातून निवृत्त झाल्यावर मी काही हंगाम केदारनाथची शटल (यात्रेकरूंची ने-आण करणारी हेलिकॉप्टर फेरी) उडवली आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

फाटा, सिरसी किंवा गुप्तकाशीहून केदारनाथ म्हणजे काही मिनिटांचे उड्डाण. पण मंदिर साडेतीन हजार मीटरहून उंचावर आहे. तिथे हवा विरळ असल्यामुळे रोटरला उचल कमी मिळते, इंजिनाची ताकदही घटते, म्हणून प्रवाशांना वजनकाट्यावर उभे करावे लागते आणि इंधनही मोजूनमापून घ्यावे लागते. दरी अरुंद आहे. सगळे उड्डाण डोळ्यांनी जमीन पाहत करायचे असते, आणि एकाच इंजिनाच्या मशीनमध्ये वैमानिकही एकच असतो. खालून ढग वर चढतो तेव्हा तो भिंतीसारखा समोर दिसत नाही; आधी ओळखीचा एखादा कडा पुसट होतो, मग नदी दिसेनाशी होते, आणि तोपर्यंत वळायला लागणारी रुंदी मागे राहून गेलेली असते. वळायचे असेल तर पहिला कडा पुसट होतानाच वळायला हवे.

१८ ऑक्टोबर २०२२ ला गरुडचट्टीजवळ सात जण गेले, तेव्हा आमच्या व्हॉट्सॲप गटावर पहिला प्रश्न आला तो ‘कोण?’ एवढाच. नाव कळल्यावर बराच वेळ कोणी काही लिहिले नाही. २०२५ मध्ये तर ८ मे ला गंगोत्रीच्या वाटेवर गंगनानीला सहा जण गेले, ७ जूनला एका वैमानिकाला रस्त्यावरच मशीन उतरवावे लागले, आणि त्या पाठोपाठ १५ जून. सेवा दोन दिवस थांबवण्यात आली. त्या दोन दिवसांत आम्हा वैमानिकांमध्ये जी बोलणी झाली ती गेलेल्या मित्राने काय करायला हवे होते याविषयी जवळजवळ नव्हतीच. बोलणी होती ती ‘नाही’ म्हणण्याविषयी.

एकदा मी दरीच्या तोंडापासून परत फिरलो. खाली उतरल्यावर प्रवाशांच्या देखतच मला विचारण्यात आले, ‘पुढचे मशीन तर गेले, तुम्ही का परतलात?’ पुढचे मशीन चार मिनिटे आधी निघाले होते, आणि डोंगरात चार मिनिटांत हवामान पूर्ण बदलते. रांगेत एक मुलगा वृद्ध आईचा हात धरून उभा होता. तो हात जोडून म्हणाला, ‘साहेब, पाच मिनिटांचाच तर प्रश्न आहे.’ त्याच्यावर मी रागावू शकलो नाही. पण वैमानिकाचा निर्णय असा चारचौघांत तपासला गेला की पुढच्या वेळी तो पहिल्या कड्याऐवजी दुसऱ्या कड्यापर्यंत जाऊन पाहतो. अहवालात शेवटी ‘खराब हवामानात उड्डाण चालू ठेवले’ असे लिहिले जाते. ते का चालू ठेवावेसे वाटले, याचा शोध त्याआधीच्या कित्येक दिवसांत घ्यावा लागतो. वैमानिक नियम मोडत नाहीत असे माझे म्हणणे नाही. पण त्याच संध्याकाळी टीव्हीवर बसून निकाल देणाऱ्यांनी त्या हेलिपॅडवर एक सकाळ उभे राहून पाहावे.

नाशिकरोड_क्वार्टर

माझे पती आर्मी एव्हिएशनमध्ये होते. नाशिक रोडला तर हेलिकॉप्टरचा आवाज दिवसभर कानांवर असतो आणि सवयीने तो ऐकूही येत नाही, पण अपघाताची बातमी आली की प्रत्येक आवाजाला मान वर जाते.

८ डिसेंबर २०२१ ला सुलूरहून वेलिंग्टनला जाणारे एमआय-१७ कुन्नूरजवळ पडले. देशासाठी ती जनरल बिपिन रावत यांची बातमी होती आणि ते साहजिकच होते. आमच्या क्वार्टरमध्ये मात्र बायका एकमेकींना विचारत होत्या की क्रूमध्ये कोण कोण होते. चौदापैकी एकटे ग्रुप कॅप्टन वरुण सिंग वाचले होते, त्यामुळे तो सगळा आठवडा आम्ही त्यांच्या तब्येतीच्या बातमीवर काढला. १५ तारखेला तेही गेले. त्या दिवसांत घातपातापासून नाना तर्क लढवले जात होते. जानेवारीत हवाई दलाने चौकशीचा निष्कर्ष सांगितला : यांत्रिक बिघाड नाही, घातपात नाही, निष्काळजीपणाही नाही, दरीतील हवामान अचानक बदलून हेलिकॉप्टर ढगात शिरले आणि वैमानिकाचे दिशाभान हरपले. ह्यांनी ते वाचले आणि मला समजावून सांगितले की ढगात शिरल्यावर कानातला तोल खोटे सांगू लागतो, मशीन वळत असताना ते सरळ चालल्यासारखे वाटते, आणि हे कितीही अनुभवी माणसाला होऊ शकते.

नाशिकने २०१९ मध्ये स्क्वाड्रन लीडर निनाद मांडवगणे यांना निरोप दिला तेव्हाही मी गर्दीत होते. काश्मीरमधील बडगामला पडलेले त्यांचे हेलिकॉप्टर आपल्याच क्षेपणास्त्राने पडले हे हवाई दलाने काही महिन्यांनी स्वतः मान्य केले. ते ऐकून राग आला, पण लपवले नाही याचा आधारही वाटला. आम्हाला खरे काय ते कळायला हवे असते. ते कितीही कडू असले तरी चालते.

उत्तरसमुद्र

मी स्कॉटलंडमधील ॲबर्डीनला तेलक्षेत्रात नोकरी करतो. रिगकरांनी लिहिलेले सगळे येथेही तसेच आहे, फक्त पाणी फार थंड. १ एप्रिल २००९ ला सुपर प्यूमा हेलिकॉप्टर पडून सोळा जण गेले, त्याची आठवण या गावात अजून निघते. मग २३ ऑगस्ट २०१३ ला शेटलंडजवळ चार जण गेले, आणि त्यानंतर पाण्याखाली श्वास घेता येईल असे उपकरण प्रत्येक प्रवाशाला सक्तीचे झाले. २९ एप्रिल २०१६ ला नॉर्वेत तूरॉय बेटाजवळ ईसी२२५ चा मुख्य रोटरच उडताना सुटून गेला आणि तेरा जण गेले. ब्रिटन आणि नॉर्वेने ते मॉडेल जमिनीवर बसवले. पुढल्या वर्षी बंदी उठली, पण कामगारांनी ‘आम्ही त्यात बसणार नाही’ असे ठामपणे सांगितले आणि त्या मशीनला येथे पुन्हा जागा मिळाली नाही. आपल्याकडे प्रवाशांच्या म्हणण्याला असे वजन आहे का, हे रिगकरांनी सांगावे.

रिगकर

आमच्याकडे तक्रार लिहून देता येते. ती कुठवर जाते हे मी पाहिलेले नाही.

लॉकवायर

तूरॉयचा उल्लेख आला म्हणून लिहितो, कारण ती घटना आम्हा तंत्रज्ञांना फार लागली होती. गिअरबॉक्समध्ये चिप डिटेक्टर नावाचा चुंबक असलेला छोटा प्लग असतो. तो काढायचा, पांढऱ्या फडक्यावर तेल टिपायचे आणि उजेडाकडे धरून त्यावर धातूची कणी लागली आहे का ते पाहायचे. आतल्या दातऱ्यांची (दातेरी चाकांची) तब्येत तोच सांगतो, असे आम्हाला शिकवलेले. तेथे दातऱ्यातली भेग अशी पसरली की तिचा पत्ता प्रचलित तपासण्यांमधून लागण्याची शक्यताच कमी होती, असे चौकशीत निघाले. ज्याने तो प्लग पाहून सही केली असेल त्याने आपले काम चोख केले असेल, आणि तरी तेरा माणसे गेली. हे समजायला सविस्तर तपास लागला. म्हणून तर ‘चूक कोणाची’ याचे उत्तर मी पंगतीत देऊ शकलो नाही.

अनामिका_सांगली

माझी लेक हेलिकॉप्टर वैमानिक व्हायचे म्हणते. हा धागा वाचून पोटात गोळा आला, पण तिला अडवायची माझी इच्छा नाही. मंदाकिनी_शटल दादा, नोकरी घेताना तिने काय पाहावे?

मंदाकिनी_शटल

ताई, तिला अडवू नका. पगार आणि मशीनचे मॉडेल ती पाहीलच. मुलाखतीत तिने विचारावे की गेल्या हंगामात हवामानामुळे किती फेऱ्या परत आल्या. उत्तर ‘एकही नाही’ असे अभिमानाने मिळाले, तर तेथून उठावे. मग कंपनीतल्या एखाद्या कनिष्ठ वैमानिकाला एकटे गाठून, परत आल्यावर त्याला काय ऐकावे लागले ते विचारावे. दोन्ही उत्तरे जुळली तर रुजू व्हायला हरकत नाही. लेकीला माझा नंबर हवा असल्यास व्यक्तिगत निरोप पाठवा, मी तिच्याशी बोलेन.