बडोद्यातील विश्वामित्री नदीकाठची वाट : श्रमदानाआधी थोडे थांबा

दांडियाबाजारकर :
"कामाटीबागेपासून अकोट्याच्या पुलापर्यंत नदीकाठाने रहिवाशांनीच श्रमदान करून फिरण्याची वाट तयार करावी," हा कालचा प्रस्ताव वाचून राहवले नाही. २०२४ च्या ऑगस्टमध्ये काळ्या घोड्याच्या पुलापाशी नदी ३५ फुटांवर गेली होती आणि आमच्या तळमजल्यावरचे देवघर पाण्याखाली होते. पावागडाकडे पाऊस झाला आणि आजवा धरणाचे पाणी सुटले, की नदीला पसरायला जागा लागते; तेथे आपण फरश्या नि बाक बसवले, तर पुढच्या पुरात ते सारे माझ्याच दारात येऊन पडेल.

काठावरचा (प्रस्ताव माझाच) :
फरशी हा शब्द मी लिहिलेलाच नाही. उंच काठावर मुरमाची वाट करावी. पुरात वाहून गेली तर चार घमेली टाकून पुन्हा करता येते. शिवाय तेथे रोज माणसांचा वावर असला, तर रात्री गुपचूप राडारोडा ओतणाऱ्यांना एवढे मोकळे रान मिळणार नाही.

निवृत्त शिक्षिका :
मगरींचे नाव दोघांनीही काढले नाही, याचे नवल वाटते. थंडीत सकाळी त्या काठावर ऊन खात पडतात, आणि आपला फिरण्याचा हंगामही तोच. मार्च-एप्रिलच्या सुमारास माद्या काठाच्या मातीत खड्डा करून अंडी घालतात आणि पिले निघेपर्यंत राखण करतात. तेथे तुम्ही कुदळी घेऊन जाणार!

फतेगंजचा रहिवासी :
मगरींचे हे कौतुक पुरे झाले. पुराच्या वेळी आमच्या जिन्याखाली एक येऊन बसली होती. वनखात्याची माणसे येईपर्यंत आई गच्चीवर रामरक्षा म्हणत होती. आधी त्यांना शहराबाहेर हलवा.

निवृत्त शिक्षिका :
हलवून ठेवणार कुठे? ज्या गावाच्या वेशीवर सोडाल, तेथेही कुणाची तरी आई असेलच. मी तीस वर्षे नदीपलीकडे शिकवायला जात होते. पुलावरून रोज मगरी दिसत, आणि मुलांना त्यांची भीती नव्हे, अंतर राखण्याची सवय होती.

फतेगंजचा रहिवासी :
पुलावरून पाहणे आणि जिन्यात पाहणे यांत फरक असतो, बाई.

काठावरचा :
ठीक आहे. वाट पाण्यापासून लांब, मध्ये झाडोरा राखून काढू. सूर्य वर येईपर्यंत फाटक बंद ठेवू आणि मगरबाईंची बाळंतपणे आटोपेपर्यंत कुदळही उचलणार नाही. आता तरी कुणी येणार का, की सगळे येथेच लिहीत बसणार?

दांडियाबाजारकर :
मुरूमच असेल, तर एका रविवारी येईन. बाक दिसला, की परत फिरेन.