इन्सेंटिव्हनं सगळं होत नाही
एकानं लिहिलंय की इन्सेंटिव्ह (पगारावरचा जादा पैसा) वाढवा, बँकेतला माणूस आपोआप कामाला पळतो. अर्धंच पटतं. सरकारी बँकांत 2020 च्या पगार करारात पीएलआय (कामगिरीवरचा इन्सेंटिव्ह) आला, पण तेव्हा तो ठरला अख्ख्या बँकेच्या ऑपरेटिंग प्रॉफिटवर, म्हणजे रोजच्या धंद्यातल्या नफ्यावर: 5 ते 10 टक्के वाढ झाली की 5 दिवसांचा पगार, 15 टक्क्यांच्या वर गेली की 15 दिवसांचा. म्हणजे काउंटरवर मरमर करणारा अन् दिवसभर चहा पिणारा, दोघांना पगाराचे दिवस सारखेच.

मी परभणीकडच्या एका शाखेत होतो, बँकेचं नाव राहू द्या. जूनमधे पीककर्जाची ही गर्दी, लोक सातबारा, आठ-अ प्लास्टिकच्या पिशवीत घेऊन सकाळपासनं पायरीवर बसलेले, अन् वरून फोन काय तर आज विम्याच्या पॉलिस्या किती केल्या? फाइलींचं कोणी विचारायचंच नाही, मग पोरं पॉलिसीमागं अन् फाइली पडून. नवा मॅनेजर आला, त्यानं एवढंच केलं की ते फोन स्वतः घ्यायला लागला अन् दुपारी आमच्या शेजारी खुर्ची टाकून फाइली बघायला बसला. पगार तोच, माणसं तेवढीच, पण आमचा कॅशियर (चारला शटर ओढणारा गडी!) साडेसहापर्यंत थांबायला लागला, कोणी सांगितलं नव्हतं त्याला.