मदत हवी आहे: ७४० नंतरच्या आयोनाच्या नोंदी कशा ओळखायच्या?

आयर्लंडच्या जुन्या वार्षिक बखरींच्या (सालवार घटना टिपणाऱ्या नोंदींच्या) मुळाशी स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्याजवळच्या आयोना बेटावरच्या मठातली (स्थापना इ.स. ५६३) नोंदवही आहे आणि ती साधारण ७४० पर्यंत चालली, हे मत मला पटते. पुढे स्कॉटलंडच्या नोंदी एकदम विरळ होतात आणि तिथेच गाडी अडते. अल्स्टर आणि टिगर्नाख या दोन आयरिश बखरी ताडून पाहिल्या, पण टिगर्नाखमधला ७६६ ते ९७४ हा भागच हरवलेला आहे. अल्स्टरच्या हस्तलिखितातले साल १०१३ पर्यंत खऱ्या सालापेक्षा एकाने मागे आहे. ते दुरुस्त करूनच जुळवले. मठाधिपतींच्या मृत्यूच्या नोंदी पुरावा म्हणून धरल्या नाहीत, ती बातमी आयर्लंडला कशीही पोचली असती. लॅटिन वाचता येते, जुनी आयरिश नाही. तर ७४० ते ७६६ मधली एखादी नोंद बेटावरच लिहिली गेली, हे लॅटिन शब्दयोजनेवरून कसे ठरवायचे?